गाडीची सर्व्हिसिंग: अधिकृत केंद्र, गॅरेज की घर?

सर्व्हिसिंग कुठे स्वस्त पडते, याचे उत्तर बहुधा बिलातील मजुरीच्या रकान्यात सापडते. कारण त्याच दर्जाचे इंजिन ऑइल आणि फिल्टर कुठेही घ्यावेच लागतात, मात्र अधिकृत केंद्राच्या मजुरीत जागा, यंत्रसामग्री आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा खर्चही मिसळलेला असतो. वॉरंटीच्या काळात तो सोसावा, असे माझे मत आहे. फक्त मालकाच्या पुस्तिकेत नसलेली ‘इंजिन फ्लशिंग’सारखी (इंजिन आतून रसायनाने धुण्यासारखी) कामे बिलात शिरू देऊ नयेत. वॉरंटी संपल्यावर विश्वासू गॅरेज परवडते. घरी एअर फिल्टर आणि वायपर सहज बदलता येतात. ऑइल बदलायचे असल्यास नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये आणि जुने ऑइल गटारात ओतू नये.