पटावरचं नाव आणि बाकावरची मुलगी

अनेक आशीर्वाद.

मुलींची गळती थांबवायला सुरुवात कुठून करायची, असं तू विचारलं आहेस. हजेरीपटापासून कर. पालकसभा, प्रभातफेऱ्या, भिंतीवरच्या घोषणा हे सगळं नंतर. मुलगी एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी आठवड्यातला एखादा दिवस बुडतो, मग दोन, मग सलग पाच-सहा. नाव कमी होतं तेव्हा ती केव्हाच गेलेली असते, आणि पहिला बुडालेला दिवस हजेरीपटाशिवाय कुठेच दिसत नाही.

पण हजेरी घेतली जाते सकाळी. पटावर हजर आणि दुपारी बाक रिकामा, हे मुलींच्या बाबतीत फार होतं. म्हणून पंधरा दिवस मधल्या सुट्टीनंतर स्वतः डोकी मोज आणि तो आकडा सकाळच्या आकड्याशेजारी लिही. तफावत दिसली तर आधी दोन गोष्टी तपास: घरी धाकटं भावंड सांभाळायला कोणी आहे का, आणि शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे का. स्वच्छतागृह ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. आतून कडी लागते का, पाणी आत आहे की बाहेरून बादली आणावी लागते, झाकणाचा डबा आहे का आणि तो कोण रिकामा करतं, कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे बघ. किल्ली मागायला भर वर्गात उठावं लागत असेल तर मुली मागत नाहीत; घरी निघून जातात.

गैरहजेरीची वेगळी वही घाल. रकाने पाचच: नाव, कोणत्या वारी गैरहजर, सलग किती दिवस, कारण कोणी सांगितलं, पुढे काय केलं. महिन्याच्या कामाच्या दिवसांपैकी दहा टक्के, म्हणजे दोन-अडीच दिवस बुडाले की नावापुढे खूण. सलग तिसऱ्या दिवशी घरी जायचं, आठवडा उलटू द्यायचा नाही. वाराचा रकाना मुद्दाम ठेवायला सांगतो आहे. दर वेळी एकच वार बुडत असेल तर त्या दिवशी घरात काही ठरलेलं काम असतं आणि त्यावर तोड निघते. सलग दिवस बुडाले तर आजारपण, स्थलांतर किंवा लग्नाची बोलणी, यांपैकी काय आहे ते लगेच कळायला हवं.

घरी गेल्यावर ‘का आली नाही?’ असं विचारू नकोस. ‘बरं नव्हतं’ हे उत्तर तयारच असतं. ‘आज सकाळपासून तिनं काय काय केलं?’ असं विचार. मग पाणी, स्वयंपाक, तान्हं बाळ, सगळं आपोआप बाहेर येतं. घरच्यांना तिच्या हातभाराची गरज खरोखर असते, त्यांना अडाणी ठरवून काही साधत नाही. ते काम दुसरं कोण करेल किंवा कोणत्या वेळी होईल, एवढंच ठरवून उठायचं. आणि बोलणी निर्णय घेणाऱ्याशी करायची. बऱ्याच घरांत ती व्यक्ती आई नसते.

सगळ्यात जास्त मुली निसटतात त्या वर्गाच्या मधे नाही, दोन शाळांच्या मधे. प्राथमिक संपलं, पुढची शाळा लांब, दाखला कोणी आणायचा ते ठरलेलं नाही. जुनी शाळा म्हणते आमच्याकडून गेली, नवी म्हणते आमच्याकडे आलीच नाही. शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीची यादी वर्ष संपायच्या तीन महिने आधी कर. पुढची शाळा कोणती, अंतर किती, सोबत कोण, जन्माची नोंद आणि दाखल्यावरचं नाव जुळतं का. नावातल्या एका अक्षराच्या फरकावरूनही प्रवेश अडतो, आणि ती दुरुस्ती सुट्टीत होत नाही. नवं सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्या शाळेत जाऊन पटावर नाव आहे का ते स्वतः बघ.

अंतराचं म्हणशील तर ते मुलींना अडवतं याला पुरावा भक्कम आहे. अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात गावातच शाळा उघडल्यावर नोंदणीतली मुलगा-मुलगी दरी जवळजवळ मिटली. बिहारनं २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. माध्यमिक शाळेतली त्यांची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासात आढळलं, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक लांब असलेल्या गावांत परिणाम ठळक होता. तुझ्या हातात सायकली नसतील. तो रस्ता शाळेच्या वेळी स्वतः चालून बघ, घड्याळ लावून. मुली कुठे भरभर पावलं उचलतात, कोणता टप्पा टाळतात, ते विचार. चार-पाच जणींचा गट आणि त्यात एक मोठी, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. मात्र मोठी गैरहजर असली की सगळा गट घरी बसतो. म्हणून दोन मोठ्या हव्यात.

पैशाबद्दल थोडक्यात. फी माफ असली तरी गणवेश, वह्या आणि परीक्षेचा खर्च उरतोच. बांगलादेशानं १९९४ मध्ये ग्रामीण माध्यमिक शाळांतल्या मुलींसाठी देशभर विद्यावेतन सुरू केलं, तीन अटींवर: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न न होणं. मला यातली गुणांची अट खटकते, कारण ज्या मुलीला मदतीची सर्वाधिक गरज असते तीच या अटीत नापास होते. पैसे उशिरा मिळाले तर योजनेवरचा विश्वासच उडतो, तेव्हा रक्कम कधी हातात पडते याची नोंद ठेव.

मासिक पाळीचं कारण सगळेच पुढे करतात. नेपाळमधल्या चितवनमध्ये मुलींना मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीत पॅडऐवजी वापरायचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा छोटा कप, देऊन पाहिलं, हजेरीत फरक पडला नाही. पाळीमुळे बुडणारे दिवसच मुळात थोडे होते. साधनं जरूर दे, मुलींच्या सोयीसाठी दे, पण तेवढ्यानं गळती थांबेल असं धरून चालू नकोस. वाचता न येणं हे त्याहून मोठं कारण आहे. पाचवीतल्या मुलीला दुसरीचा उतारा वाचता येत नसेल तर ‘शाळेत जाऊन करते काय?’ या घरच्या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नाही. रोज तासभर, इयत्ता न बघता वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकव.

लग्नाची कुणकुण लागली तर एकट्यानं जाऊ नकोस, आणि बातमी मुलीकडून कळली हे कुठेही उघड होऊ देऊ नकोस. मार तिलाच बसतो. वय कमी असेल तर बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं भाग आहे. लग्न किंवा बाळंतपण झालेली मुलगीही परत येऊ शकते. सिएरा लिओननं गरोदर मुलींवरची शाळाबंदी २०२० मध्ये उठवली, टांझानियानं २०२१ मध्ये.

परत आलेल्या मुलीला वर्गासमोर काही विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात तिला एका ओळखीच्या मुलीशेजारी बसव, बुडालेल्या धड्यांपैकी पुढचं समजायला लागतील तेवढेच निवडून दे, आणि वहीत तिच्या नावापुढची खूण पुढचे तीन महिने खोडू नकोस.