वाचकांचे प्रश्न : तुमचं लाडकं फुलपाखरू कोणतं?

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपमध्ये वाद चाललाय, सगळ्यात सुंदर फुलपाखरू कोणतं? मी म्हणते ब्लू मॉरमॉन, ते राज्याचं फुलपाखरू आहे ना! तुमचं मत काय? (सदाशिव पेठ)

उत्तर : तुमचं फुलपाखरू देखणं आहेच. काळ्याभोर पंखांवर ती निळी झाक असते आणि पंख पसरले की तळहाताहून मोठं दिसतं, महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या फुलपाखरांपैकी ते एक. 2015 मध्ये ते आपलं राज्य फुलपाखरू झालं, असं जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात, त्यामुळे सिंहगडाच्या झाडीत तर दिसतंच पण पुण्यातल्या एखाद्या जुन्या बागेतही भर्रकन येऊन जातं.

पण माझं मत विचाराल तर हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझेबेल. नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा नमस्कार! पंखांच्या खालच्या बाजूला पिवळाधमक रंग आणि कडेला लाल ठिपक्यांची ओळ, अगदी करंड्यातून सांडल्यासारखी. वरची बाजू मात्र पांढरी, त्यामुळे उडताना साधंच वाटतं आणि पंख मिटून बसलं की मग नुसतं बघत राहावं. ते उडतं झाडांच्या शेंड्याजवळ, म्हणून रोज आपल्या डोक्यावरून जात असलं तरी आपल्याला पत्ताच नसतो. आणि त्याच्या अळ्या कुठे वाढतात माहितीये? आंब्याबिंब्यावर जे बांडगूळ येतं ना, त्यावर! मादी तिथे अंडी एकत्र घालते आणि अळ्याही घोळक्यानंच पानं खातात. आपण बांडगूळ दिसलं की लगेच छाटायला निघतो, मीही आधी तेच करायचे, आता एखादं तरी राहू द्या असं सोसायटीत सगळ्यांना सांगत असते.

प्रश्न : बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर आधी पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं, आता जाड हिरव्या अळ्या झाल्यात आणि अर्धं झाड फस्त. हात लावला की डोक्यातून नारिंगी शिंगं काढतात, वासही येतो. सासूबाई म्हणतात औषध मार, मुलगी म्हणते नको. काय करू? (कोथरूड)

उत्तर : मुलीचं ऐका. ती शीट नव्हतीच, लहान अळ्याच होत्या, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तसं सोंग घेतात. कॉमन मॉरमॉनच्या नाहीतर लाइम बटरफ्लायच्या असणार. ती शिंगं म्हणजे घाबरवायची युक्ती, हाताला काही होत नाही. अजून काही दिवसांनी त्या खायच्या बंद होतील आणि कोष करायला जागा शोधत कुंडी सोडून ग्रिलवर, भिंतीवर कुठेही जातील, तेव्हा झाडझूड करताना जपा. कोष धाग्यानं बांधलेला असतो, हिरवा किंवा तपकिरी. साधारण आठ-दहा दिवस थांबा आणि सकाळी सकाळी लेकीला घेऊन बघा, बाहेर आल्यावर ते पंख वाळवत बराच वेळ तिथेच बसतं.

कॉमन मॉरमॉन निघालं आणि मादी असली तर अजूनच मजा. तिच्यातल्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझ नावाच्या दुसऱ्या फुलपाखरासारख्या दिसतात, पंखावर लाल खुणा वगैरे. कॉमन रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, त्यातलं विष अंगात भिनतं म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि ही बिनविषारी बाई नुसते कपडे तसे घालून जीव वाचवते! लहानपणी मला वाटायचं ही वेगळीच जात आहे, कळलं तेव्हा दिवसभर मी तेच सगळ्यांना सांगत होते.

कढीपत्त्याची काळजी नको, तो परत फुटतो. सासूबाईंना आमटीसाठी हवा असेल तर नर्सरीतून अजून एक कुंडी आणा आणि ती आत किचनच्या खिडकीत ठेवा. औषध मारलेला पाला तसाही फोडणीत घालता येणार नाही, हे त्यांना सांगून बघा, पटेल.