खुन्याची कीव येते, माझं चुकतंय का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. रात्री सिरियल किलरच्याच गोष्टी वाचते, बघते. सूनबाई म्हणते, ‘आई, हे बरं नव्हे.’ खुन्याची कीव येते, हे चूक का?

उत्तर : ताई, मुळीच नाही. १९६०च्या ‘सायको’ सिनेमातला खुनी नॉर्मन बेट्स आठवा. लाजरा, आर्जवी पोरगा. पाहुणीला सँडविच-दूध आणून देतो. पुढे तिचा खून होतो आणि त्याने दलदलीत ढकललेली तिची गाडी बुडता बुडता क्षणभर थांबते, तेव्हा मी चक्क मनात म्हणाले, ‘बुड गं बाई!’ खुनाचा पुरावा लपावा म्हणून! स्वतःची ही ओळख दुसरीकडे कुठे होणार?

खऱ्या खुन्यांचं मात्र वेगळं. १९६८ साली मुंबईत रमण राघव पकडला गेला. त्याचं नाव सगळ्यांना पाठ. फुटपाथवर, झोपड्यांत झोपेत त्याने मारलेल्या गरिबांची नावं कुणालाच पाठ नाहीत. ते मला फार खुपतं.