लोकलची स्थानकं पाठ, पण डबा रोज शाळेतच

ताई, तुमचा मुलगा दुसरीत, बाई म्हणतात ‘एडीएचडीची (लक्ष आणि चंचलपणा आवरणं जड जातं, त्या अवस्थेची) तपासणी करून घ्या’ आणि घरचे म्हणतात ‘हुशार आहे, वर्गात कंटाळतो’. पुरावा काय, तर लोकलची स्थानकं क्रमानं पाठ आणि लेगो घेऊन तीन तास हलत नाही. आमच्याकडे लेगोच्या जागी बुद्धिबळ होतं, बाकी सगळं हेच. त्यापायी आमची दोन वर्षं वाया गेली.

आवडीच्या गोष्टीत रमण्यावरून काहीच ठरत नाही. एडीएचडी असलेली मुलंही तहानभूक विसरून रमतात. त्यांना जड जातं ते लक्ष हवं तिथे वळवणं, आणि नको तिथून काढून घेणं. म्हणून आवडत्या कामातलाच कंटाळवाणा भाग बघा. माझा लेक समोरच्याच्या घोड्याचा बेत आधीच ओळखायचा. पण स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते, तो कागद सहाव्या चालीपासून कोरा. चाल खेळून घड्याळ दाबायलाही विसरायचा, आणि जिंकत आलेला डाव वेळ संपून हरायचा.

बाईंना एकच विचारा: काम संपवून वळवळतो, की अर्धवट टाकून? संपवून वळवळत असेल तर पंधरा दिवस जरा अवघड काम देऊन बघायला सांगा. नुसता कंटाळा असेल तर तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

डॉक्टर साधारण हे बघतात: लक्षणं सहा महिने तरी आहेत का, वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झाली का, आणि घर, शाळा, मैदान यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसतात का. फक्त एका बाईंच्या तासाला होत असेल तर मलाही शंका येईल. डोळे, कान, झोप, हिमोग्लोबिन हे आधी तपासून घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रश्नावल्या भरत बसू नका, त्यात माझी सासूसुद्धा पास होते.

मुख्य म्हणजे ‘हे की ते’ असंच असेल असं नाही. हुशारी आणि एडीएचडी दोन्ही एकत्र असू शकतं, आणि तेच सापडायला सर्वांत अवघड. पाठांतराशिवाय, अभ्यासाशिवाय नुसत्या डोक्यावर मूल चौथी-पाचवीपर्यंत निभावतं. पुढे अभ्यास वाढला, वह्या सात झाल्या, प्रकल्प आले की पितळ उघडं पडतं. आमचं सहावीत पडलं. बुद्ध्यंक चाचणी केलीत तर एकूण आकड्यावर थांबू नका, उपचाचण्यांचे गुण समजावून मागा. आमच्याकडे तर्काचे गुण खूप वर, कार्यस्मृती (ऐकलेलं-पाहिलेलं डोक्यात धरून काम करणं) आणि कामाचा वेग बराच खाली, आणि एकूण आकडा बघून सगळे खूश! एवढ्यावरून निदान होत नाही, पण कुठे बघायचं ते कळतं. निदान बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडूनच घ्या.

जाताना वह्या न्या, रोजच्या, कशा असतील तशा. मी ठासून सांगितलं होतं की घरी काहीच त्रास नाही. डॉक्टरांनी गणिताची वही आणि चाचणीचा पेपर शेजारी ठेवले. वही पूर्ण. पेपरात ताऱ्याची खूण केलेलं अवघड उदाहरण बरोबर, पण पान उलटायचं राहिल्यानं मागची चार कोरी. त्यांनी विचारलं, “घरी पान उलट म्हणून कोण सांगतं?”

मीच सांगत होते. दप्तरही मीच भरत होते.