मुलाचा माउथगार्ड : साडेतीन हजारांचा की सहाशेचा?

सप्रेम नमस्कार.

पुण्याहून आपण लिहिले आहे की, दहा वर्षांचा मुलगा शनिवार-रविवारी रग्बी खेळू लागला असून प्रशिक्षकांनी माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांना मार लागू नये म्हणून त्यांवर बसवायचे कवच, आणायला सांगितला आहे. दंतवैद्य माप घेऊन करून देण्याचे ३,५०० रुपये सांगतात, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा दुकानात ६०० रुपयांना मिळतो आणि तयार साच्याचा १५० रुपयांना. आरोग्य विमा असताना हा खर्च हवाच कशाला, अशी शंका यजमानांनी काढली आहे.

आधी विम्याचे पाहू. बहुतेक पॉलिसींमध्ये दातांच्या उपचारांचे पैसे अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच मिळतात. टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडताना, कोपर लागून पुढचा दात तुटला, तर उपचार दवाखान्याच्या खुर्चीवरच होतात आणि ते बिल आपल्यालाच भरावे लागते. शिवाय ते एकदाच भरून संपत नाही, कारण जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठराव्या वर्षापर्यंत, इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायचा कायमचा कृत्रिम दात, बसवत नाहीत. तोवर तात्पुरत्या दातावर भागवावे लागते आणि तो अधूनमधून बदलावाही लागतो. न्यूझीलंडमध्ये १९९७ साली एकोणीस वर्षांखालील रग्बीपटूंना आणि पुढच्या वर्षी सर्वच देशांतर्गत खेळाडूंना माउथगार्ड सक्तीचा झाला. १९९५ ते २००३ या काळात तेथील अपघात भरपाई योजनेकडे रग्बीमुळे येणारे दातांचे दावे ४३ टक्क्यांनी घटले. त्यामुळे माउथगार्ड घ्यावा की नाही, याविषयी माझ्या मनात कोणताही संदेह नाही.

१५० रुपयांचा मात्र घेऊ नका. तो सैल असल्याने दात आवळून धरावा लागतो, श्वास घेताना अडचण होते आणि मूल तो काढून खिशात ठेवते.

उरलेल्या दोहोंत दंतवैद्याचा निःसंशय सरस आहे. तो नेमका बसतो आणि तोंडात असताना नीट बोलता येते. तरीही आज तो घेऊ नये, असे माझे मत आहे, कारण आपल्या मुलाचे दुधाचे दात अजून पडत आहेत आणि दात व जबडा बदलला की महागडा साचाही निरुपयोगी ठरतो. तो दरवर्षी नवा करायचा म्हटले, तर तीन वर्षांत १०,५०० रुपये होतात. ६०० रुपयांचे वर्षाला दोन घेतले, तर तेवढ्याच काळात ३,६०० रुपये लागतात. फरक ६,९०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला सुमारे १९० रुपयांचा आहे. घरखर्च जाऊन हाती फार काही उरत नाही, असे आपण कळवले आहे. म्हणून दरमहा २०० रुपयांची ३६ महिन्यांची आवर्ती ठेव केवळ दातांच्या नावाने उघडा. गरज पडली तर ती मुदतीआधी मोडता येते, व्याज थोडे कमी मिळते इतकेच.

सहाशेचा बसवताना वेष्टणावर दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ तो गरम पाण्यात ठेवू नका. बसवल्यावर मुलाला तोंड उघडायला सांगा. वरच्या दातांवरून तो निसटला नाही आणि मुलाला सोबत्याला मोठ्याने हाक मारता आली, तर तो जमला असे समजा. रोज गार पाण्याने धुऊन भोके असलेल्या डबीत ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नका. चावून पातळ झाला की सहा महिन्यांची वाट न पाहता बदला.

मध्येच दातांना तारा लावायच्या ठरल्या, तर मात्र हा हिशेब लागू होत नाही. मऊ केलेला माउथगार्ड तारांभोवती अडकतो, त्यामुळे अशा वेळी दंतवैद्याकडूनच करून घ्या आणि ते पैसे ठेवीतून काढा. तारा लागल्या नाहीत, तर तेराव्या वर्षाच्या सुमारास कायमचे दात आले आहेत का, हे तपासून घ्या. तोपर्यंत ठेवीची मुदतही संपत आलेली असेल आणि ३,५०० रुपयांचा माउथगार्ड तेव्हा जरूर घ्या.