"थीटा-फाय आले की डोकं चालत नाही, मॅडम"

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी फिजिक्स सोडायचं ठरवूनच माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बारावीपर्यंत गणितात हुशार. इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये स्फेरिकल कोऑर्डिनेट्स (बिंदूची जागा केंद्रापासूनचं अंतर आर आणि थीटा, फाय हे दोन कोन यांनी सांगायची पद्धत) आले आणि गाडं अडलं. "सूत्रं तोंडपाठ आहेत, पण थीटा-कॅप, म्हणजे थीटाची दिशा दाखवणारा एक लांबीचा बाण, नेमका कुठे दाखवायचा तेच कळत नाही. बाकी सगळ्यांना कळतं. मलाच डोकं नाही का?"

हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. धीराचे शब्द मी नंतर बोलते, आधी वही मागते. नेमकं कुठे अडलंय ते दिसलं की निम्मी भीती तिथेच जाते.

वहीत पोझिशन व्हेक्टर (ओरिजिनपासून बिंदूपर्यंतचा बाण) असा होता: आर गुणिले आर-कॅप, अधिक थीटा गुणिले थीटा-कॅप, अधिक फाय गुणिले फाय-कॅप. अकरावीपासून एक्स आय-कॅप, वाय जे-कॅप लिहून बसलेली सवय, दुसरं काही नाही. मी विचारलं, "आर मीटरमध्ये, थीटा रेडियनमध्ये. बेरीज कशी करशील?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग थीटा आणि फाय गेले कुठे?"

अगदी कळीचा प्रश्न. ते आर-कॅपच्या आतच आहेत. आर-कॅपची दिशा त्या दोन कोनांनीच ठरते, म्हणून पोझिशन व्हेक्टर फक्त आर गुणिले आर-कॅप.

तिला उभं केलं. पृथ्वीचं केंद्र म्हणजे ओरिजिन, झेड-अक्ष उत्तर ध्रुवाकडे, एक्स-अक्ष विषुववृत्तावरच्या शून्य रेखांशाकडे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व. थीटा झेड-अक्षापासून मोजायचा, म्हणून ९० वजा २१, म्हणजे ६९ अंश. फाय एक्स-अक्षापासून पूर्वेकडे मोजायचा, म्हणजे रेखांशच, ७९. "आता फक्त आर वाढव. कुठे जाशील?" तिने छताकडे बोट दाखवलं. "फक्त थीटा?" जरा विचार करून दक्षिणेकडच्या भिंतीकडे हात गेला. "फक्त फाय?" पूर्वेची खिडकी. आर, थीटा, फाय यांपैकी जे एक वाढवलं त्यामुळे बिंदू जिकडे सरकतो, ती त्याच्या कॅपची दिशा. एवढीच व्याख्या पुरते.

मग विषुववृत्तावर गेलो. शून्य रेखांशावर, गिनीच्या आखातात उभ्या असलेल्याची 'पूर्व' आणि ९० अंश पूर्वेला हिंदी महासागरातल्या खलाशाचं 'वर', या दोन्ही एकच दिशा आहेत, वाय-अक्षाची. ती बराच वेळ कागदावर वर्तुळ काढून पडताळत बसली. "म्हणजे कॅप जागेनुसार फिरतात?" फिरतात, आणि म्हणूनच वेग-त्वरण काढताना त्यांचंही डेरिव्हेटिव्ह घ्यावं लागतं. पुस्तकं हे एका ओळीत उरकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांचा आत्मविश्वास इथेच जातो.

फाय बदलल्यावर पडणाऱ्या अंतराच्या सूत्रातला साइन थीटाही तिला असाच सापडला. रेखांश एक अंशाने बदलला तर विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर अंतर पडतं, नागपूरच्या अक्षांशावर सुमारे १०४ (१११ गुणिले साइन ६९), ध्रुवावर शून्य.

घोळाचं एक कारण मात्र तिच्या हातातलं नव्हतंच. फिजिक्सच्या पुस्तकांत झेड-अक्षापासूनचा कोन थीटा असतो, गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत त्याच कोनाला फाय म्हणतात. ती दोन्ही विषयांच्या नोट्स एकत्र वाचत होती. तुमचंही असं होत असेल तर उत्तर लिहिण्याआधी आकृती काढा आणि कोणता कोन कुठून मोजलाय ते तिथेच लिहा.

विषय बदलायचा अर्ज तिने तूर्त बाजूला ठेवला. घरी करायला मी एकच काम दिलं: थीटा-कॅपचं थीटानुसार डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर उणे आर-कॅप येतो का ते पाहा. पुढच्या भेटीत ती ते करून आली, आणि सोबत नवा प्रश्न घेऊन आली. फाय-कॅपचं फायनुसार डेरिव्हेटिव्ह घेतलं तर आर-कॅप आणि थीटा-कॅप दोन्ही का येतात? तिला सांगितलं, पूर्वेकडे चालत राहणारा माणूस अक्षांशाच्या वर्तुळावर वळत असतो, आणि नागपूरच्या अक्षांशाच्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या केंद्रात नसतो, तो केंद्रापासून उत्तर ध्रुवाच्या बाजूला, झेड-अक्षावर असतो. तिकडे जायचं तर नागपुरातून खाली, म्हणजे उणे आर-कॅपकडे, आणि थोडं उत्तरेला, म्हणजे उणे थीटा-कॅपकडे, जावं लागेल.