तंत्रज्ञानाची ओढ असलेल्या मुलीला शालेय शिक्षण संपल्यावर भेट म्हणून चांगले पेन द्यायचे आहे. ते कसे निवडावे?

आपली सतरा वर्षांची भाची शालेय शिक्षण पूर्ण करून अभियांत्रिकीकडे वळते आहे, तिचा बहुतेक वेळ प्रोग्राम लिहिण्यात आणि लहानसहान सर्किटे जोडण्यात जातो, आणि अशा मुलीला उत्तम पेन द्यावे असे आपल्या मनात आहे. मात्र ही भेट तिला जुन्या काळातली वाटेल की काय, अशी शंका आपण विचारली आहे. माझे उत्तर असे की पेन अवश्य द्या, फक्त ते दागिना म्हणून न निवडता यंत्र म्हणून निवडा. जिला प्रत्येक वस्तू उघडून आत काय चालले आहे हे पाहायची सवय आहे, तिला असेच पेन जवळचे वाटेल, ज्याची रचना डोळ्यांना दिसते आणि जे आपल्या हातांनी खोलून पुन्हा जोडता येते.

हे मी अनुभवावरून सांगतो. माझ्या पुतण्याने शाळा संपवली तेव्हा मी त्याला सोनेरी पट्ट्यांचे, वजनदार, मखमली पेटीतले पेन दिले होते. त्याने ते आदराने घेतले, आणि दोन वर्षांनी ते त्याच पेटीत तसेच पडलेले मला दिसले. विचारल्यावर त्याने मोकळेपणाने सांगितले की टोपण मागे लावले की सगळा भार मागे जातो आणि थोड्या वेळात बोटे दुखू लागतात. शिवाय त्यात त्या कंपनीचीच रिफिल लागते आणि ती संपल्यावर त्याला दुसरी कुठे मिळाली नाही. पुढे त्याच्या धाकट्या बहिणीसाठी मी पारदर्शक, पिस्टनने, म्हणजे आत सरकणाऱ्या दट्ट्याने, शाई भरण्याचे पेन निवडले. त्याच्या डब्यात एक छोटा पाना आणि सिलिकोन ग्रीसची इवलीशी बाटली होती. तिने शाई भरण्याआधीच पिस्टन बाहेर काढला, तो कसा सरकतो ते पाहिले, पुन्हा बसवला, आणि मगच लिहायला घेतले. ते पेन आजही तिच्या खिशात असते.

निवड करण्याआधी भाची कशी लिहिते हे एकदा पाहून घ्या. तिची एखादी वही चाळली तरी पुष्कळ कळते. अक्षर बारीक असेल, चौकटींच्या कागदावर आकृत्या आणि समीकरणे दाटीवाटीने लिहिलेली असतील, तर जाड रेघ तिच्या उपयोगाची नाही. पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांचे उठाव लागत असतील, तर ती पेन दाबून लिहिते, आणि अशा हाताला शाईच्या पेनाची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, कारण बॉलपेनला दाब हवा असतो आणि निबला तो मुळीच नको असतो. ती डावखुरी असेल तर लिहिताना हात ओल्या ओळीवरून पुढे सरकतो आणि शाई पसरते. तिच्यासाठी बारीक निब आणि लवकर सुकणारी शाई निवडावी, किंवा शाईच्या पेनाचा हट्ट न धरता चांगले बॉलपेनच द्यावे.

एवढे पाहिल्यावर बाकी काही अडचण नसेल, तर मी शाईच्या पेनाकडे जाईन, आणि त्याचे कारण सौंदर्य नसून त्यातले भौतिकशास्त्र आहे. बाटली उलटी केली की शाई सांडते, मग टोक खाली धरलेल्या पेनातून ती का सांडत नाही, हा प्रश्न तिला विचारून पाहा. निबला मधोमध चिरलेली फट असते आणि तिच्या खाली बारीक खाचा असलेला एक तुकडा असतो, त्याला फीड म्हणतात. शाई या अरुंद वाटांमधून केशाकर्षणाने टोकापर्यंत येते आणि कागदाच्या तंतूंनी ओढून घेईपर्यंत तिथेच थांबते. जितकी शाई बाहेर जाते तितकी हवा त्याच फीडमधून आत शिरते, आणि ही देवाणघेवाण बिघडली की पेन एक तर कोरडे पडते किंवा ठिपके टाकते. फीडच्या बाजूला दिसणाऱ्या पातळ पातळ पट्ट्या शोभेसाठी नसतात. हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावून जास्तीची शाई पुढे ढकलली गेली, तर ती या पट्ट्यांच्या मधल्या जागेत थोपून राहते. अमेरिकेत लुईस वॉटरमन यांना १८८४ मध्ये ज्या पेनासाठी पेटंट मिळाले, त्याचे मर्मही शाई आणि हवा यांच्या या नियंत्रित येण्याजाण्यातच होते. विमानात पेन का गळते, याचे उत्तरही इथेच आहे: केबिनमधला दाब कमी झाला की टाकीतली हवा पसरते. म्हणून प्रवासात पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे असावे आणि टोक वर करून ठेवावे.

हे सगळे ज्यात डोळ्यांनी पाहता येते, असे पेन म्हणून मी पहिले नाव तैवानच्या ट्विस्बी कंपनीचे घेईन. त्यांचे डायमंड ५८० आणि त्याहून साधे इको, ही दोन्ही पारदर्शक, पिस्टनची पेने आहेत, आणि वापरणाऱ्याने ती खोलावीत हे निर्मात्याने गृहीत धरलेले आहे. वर सांगितलेला पाना आणि ग्रीस त्यासाठीच सोबत मिळते. शाई थेट बाटलीतून ओढली जाते आणि ती मावतेही भरपूर. भाचीला एवढेच सांगून ठेवा की जोडताना जोर लावून पिळू नये, कारण शेवटी ते प्लास्टिक आहे आणि गरजेपेक्षा जास्त आवळले की तडा जाऊ शकतो.

दुसरे नाव जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या लॅमी कंपनीच्या सफारीचे. हे पेन १९८० मध्ये शाळकरी मुलांना डोळ्यांपुढे ठेवून तयार झाले, आणि वोल्फगांग फाबियान यांनी त्याची रचना केली. एबीएस प्लास्टिकचे हलके अंग, कागद अडकवण्याच्या मोठ्या पिनेसारखी दिसणारी तारेची क्लिप, शाई किती उरली हे दाखवणारी खिडकी आणि बोटे आपोआप योग्य जागी बसवणारी त्रिकोणी पकड, यांतली एकही गोष्ट उगाच केलेली नाही. सफारीची व्हिस्टा ही आवृत्ती पूर्ण पारदर्शक आहे. निब बदलायची असल्यास तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून सरळ पुढे ओढले की ती निघून येते, त्यामुळे एकाच पेनाला बारीक, मध्यम किंवा डावखुऱ्यांची निब लावता येते. मात्र त्रिकोणी पकड सगळ्यांना मानवतेच असे नाही. पेन वेगळ्या पद्धतीने धरणाऱ्याला तिच्या कडा टोचतात. पेनात सुरुवातीला कार्ट्रिज, म्हणजे शाईची तयार बंद नळी, असते आणि बाटलीतून शाई भरायची तर कन्व्हर्टर, म्हणजे तिच्या जागी बसणारी शाई ओढण्याची नळी, पुष्कळदा वेगळा घ्यावा लागतो, हेही आधी विचारून घ्यावे.

आपल्याला याहून मोठी भेट द्यायची असेल तर दोन पेने मला मनापासून सुचवावीशी वाटतात. पहिले लॅमी २०००. ब्राउन कंपनीच्या उपकरणांची रचना केलेले गेर्ड म्युलर यांनी ते घडवले, आणि १९६६ पासून ते जवळपास त्याच रूपात बनते आहे. काचतंतू मिसळलेल्या पॉलिकार्बोनेटचे ते काळे अंग इतके नेमके जुळवलेले असते की पिस्टन फिरवायची मूठ कुठे सुरू होते, ती सांधरेषा सहज सापडत नाही. यंत्रभागांची अचूकता म्हणजे काय, हे त्या एका रेषेवरून हाताला कळते. दुसरे जपानच्या पायलट कंपनीचे कॅपलेस, जे १९६३ मध्ये प्रथम आले. त्याला टोपण नाही. बॉलपेनसारखा खटका दाबला की निब बाहेर येते, परत दाबला की आत जाते, आणि तिच्या मागोमाग एक चिमुकली झडप मिटते, त्यामुळे शाई सुकत नाही. तंत्राची आवड असलेल्या मुलीला ही झडप किती आवडेल, याबद्दल मला शंका नाही. फक्त त्याची क्लिप टोकाच्या बाजूला, म्हणजे बोटे धरतात तिथेच येते. म्हणून दुसरे कुठलेही पेन तिला सहज लिहायला देऊन तिची बोटे नेमकी कुठे टेकतात ते पाहा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली वरची जागा मोकळी राहत असेल तर क्लिप अडणार नाही.

निब सोन्याची असावी का, हा प्रश्न विक्रेता हमखास काढेल. सोने गंजत नाही आणि काही निबांना त्याने हलकी लवचीकता येते, हे खरे. पण कागदाला सोने लागतच नाही. टोकावर कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो आणि स्टीलच्या निबलाही तो असतो. लिहिण्याचा गुळगुळीतपणा त्या मण्याच्या घासणीवर आणि फटीच्या दोन्ही बाजूंच्या पात्या एका पातळीत असण्यावर अवलंबून असतो, म्हणून पहिल्या पेनासाठी नीट घासलेली स्टीलची निब पूर्ण समाधान देते. जाडीबाबत मात्र सावध राहा: जपानी कंपन्यांची बारीक निब साधारणपणे युरोपीय बारीक निबपेक्षा एका पायरीने अधिक बारीक असते, त्यामुळे निबच्या जाडीचे नुसते इंग्रजी अक्षर पाहून मागवल्यास रेघ अपेक्षेपेक्षा वेगळी निघते.

शाईची निगा राखणे हा तिचा स्वभाव नसेल तर बॉलपेनातही यंत्र म्हणून अभ्यासण्यासारखे काही आहे. पॉल फिशर यांच्या स्पेस पेनमध्ये रिफिलच्या आत दाबाखालचा नायट्रोजन असतो आणि शाई जेलीसारखी घट्ट असते. टोकाची गोळी फिरली की तेवढ्यापुरती ती पातळ होते. म्हणून ते उलटे धरून, ओल्या कागदावर आणि वजनरहित अवस्थेतही लिहिते, आणि १९६८ मध्ये अपोलो ७ च्या अंतराळवीरांनी ते सोबत नेले. अमेरिकेने या पेनावर अमाप सरकारी पैसा उधळला आणि सोव्हिएत संघाने मात्र साधी पेन्सिल वापरली, ही गोष्ट आपण ऐकली असेल. ती खरी नाही. पेन्सिली आधी दोन्हीकडे होत्या, फिशर यांनी पेन आपल्या खर्चाने विकसित केले, आणि १९६९ मध्ये सोव्हिएत संघानेही ते विकत घेतले. भेट देताना ही हकीकत तिला जरूर सांगा. रेखाटनाची सवय असेल तर रॉट्रिंग ६०० हे पितळी, षटकोनी अंगाचे आणि खरबरीत पकडीचे पेनही विचारात घेण्यासारखे आहे. उतरत्या मेजावरून ते घरंगळत नाही.

बॉलपेन घेताना रिफिल कोणत्या मापाची लागते हे सगळ्यांत आधी पाहावे, कारण पुतण्याच्या बाबतीत मी नेमके हेच पाहिले नव्हते. पार्कर पद्धतीच्या रिफिलचे माप अनेक कंपन्यांनी स्वीकारले आहे, त्यामुळे एकाच पेनात तेलकट शाई, जेल शाई किंवा स्पेस पेनची रिफिल घालून पाहता येते. या मापाला जी-टू म्हणतात, आणि पायलट कंपनीच्या एका जेल पेनाचे नावही जी-टू आहे. त्या पेनाची रिफिल लांब असते आणि पार्कर मापाच्या पेनात बसत नाही.

कागदावर लिहिलेले थेट संगणकात उतरवणारी पेने देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यांतल्या अनेकांच्या टोकाजवळ छोटा कॅमेरा असतो आणि तो खास कागदावर छापलेल्या सूक्ष्म ठिपक्यांची मांडणी वाचून पेन पानावर कुठे आहे हे ओळखतो. स्वीडनच्या आनोटो कंपनीचे हे तंत्र खरोखर बुद्धिमान आहे. तरीही मी ते या प्रसंगी देणार नाही. त्याला विशिष्ट वही लागते, बॅटरी लागते, आणि कंपनीने ॲप बंद केले की त्याचा निम्मा उपयोग संपतो. अशी साधने ती स्वतः आपल्या गरजेनुसार निवडेल, आणि आपल्यापेक्षा नेमकी निवडेल.

नाव कोरून घ्यायचे असल्यास थोडे थांबा. पेन हाताला बसले नाही तर बदलून घेण्याची वाट कोरण्यामुळे बंद होते, म्हणून तिने महिनाभर लिहून पाहिल्यावरच कोरकाम करावे, आणि तेही धातूच्या अंगावर.

शाईच्या पेनासोबत शाईची एक बाटली न विसरता द्या, आणि ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची साधी शाई असू द्या. चित्रकलेची काळी इंडिया इंक चुकूनही नको, कारण तिच्यातले बंधक द्रव्य फीडमध्ये वाळले की खाचा कायमच्या बुजतात. शाई बदलताना, किंवा पेन बरेच दिवस वापरायचे नसेल तेव्हा, साध्या थंड पाण्याने ते स्वच्छ होईपर्यंत धुवावे. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही टाळावे. जमल्यास दाट, शाई न फुटणाऱ्या कागदाची एक वहीही जोडा, कारण पातळ कागदावर चांगल्यात चांगले पेनही मागच्या पानावर उमटते. आणि पेन आधी भरून ठेवू नका. पहिल्यांदा पिस्टन फिरवून शाई वर चढताना तिला स्वतःलाच पाहू द्या.